तर्री काढलेला रस्सा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही, देवासमोरसुद्धा नीट शब्दांत नाही. तिथे हात जोडले की मी लगेच दुसरंच काहीतरी मागायला लागते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या भाजीच्या ठेल्यावर माझ्यासमोर उभे राहणार नाही. शिवाय मध्येच "जाऊ द्या हो, एवढं काय त्यात" असं म्हणून माझी सुटकाही करणार नाही. ते वाक्य मला ऐकायचं नाही.

गोष्ट जेवणाची आहे. जेवणात कबूल करण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं — म्हणजे मी तसं वाटून घेत होते. लोक काय काय लपवतात, भानगडी लपवतात, आजार लपवतात. मी तर्री लपवली.

तर्री म्हणजे रश्शावर तरंगणारं लाल, तिखट तेल. माझं माहेर जुन्या शहरातल्या महाल भागातलं, विणकर कोष्ट्यांचं. आमच्याकडे रविवारच्या मटणावर दाट तर्री नसली, तर पाहुणा आधी वाटीकडे बघायचा आणि मग घरच्या बाईकडे. माझे वडील भाकरीचा पहिला तुकडा नुसत्या तर्रीत बुडवून खायचे, मग बाकीचं जेवण. एका रविवारी ते जेवून उठले, हात धुतले आणि ओसरीवर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हार्ट. तेराव्यापर्यंत जो आला त्यानं एकच सांगितलं, तर्रीनं नेलं. ते दिवसाला किती बिड्या ओढायचे, हे कुणी काढलं नाही.

तेव्हापासून माझा तेलावर राग. लग्न झालं, पुढे हुडकेश्वरला आमचं स्वतःचं घर झालं, मुलगी झाली, ती शिकून पुण्याला गेली. एवढ्या सगळ्या वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात तेल लहान चमच्यानंच पडलं. सगळीकडे तेच तर सांगत होते. डॉक्टर सांगत होते, टीव्हीवर सांगत होते, भिशीतल्या बायका समोसा खाता खाता सांगत होत्या. तेल-तूप कमी करा. यांच्या — म्हणजे माझ्या नवऱ्याच्या — ताटात मी दोनाच्या चार भाकरी आनंदानं वाढल्या, भात वाढला, वर साखर घालून दूध दिलं, पण तूप मागितलं की माझ्या कपाळाला आठ्या. आणि एवढा पहारा ठेवूनही यांना साखर झालीच. तेव्हा तरी मला प्रश्न पडायला हवा होता, नाही का? नाही पडला. मी पहारा आणखी कडक केला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलगी गेल्यावर आमच्या घरात बोलणं असं फारसं उरलं नव्हतं. भांडण नव्हतं, पण विषयच नव्हता. जे काही होतं ते जेवताना होतं. हे ओट्याजवळच पाटावर बसायचे आणि मी तव्यावरची भाकरी थेट त्यांच्या ताटात टाकायची. एक संपत आली की दुसरी. ते न बघता हात पुढे करायचे आणि मी न विचारता टाकायची. आमचा संसार म्हणाल तर त्या वेळेपुरता होता. बाकी दिवसभर ते त्यांच्या खोलीत, मी माझ्या.

मग हे रिटायर झाले आणि सकाळी फिरायला जायला लागले. तिथे त्यांना वासुदेवराव भेटले. हे गृहस्थ स्वतः साखरेचे, पण भाकरी-पोळी-भात सोडून एकदम सडपातळ झालेले आणि त्या आनंदात सगळ्या जगाला सडपातळ करायला निघालेले. चार-पाच जणांचं टोळकंच होतं त्यांचं. एक दिवस हे घरी आले आणि म्हणाले, आजपासून भाकर बंद. अंडी, मटण, पनीर, पालेभाजी. आणि तेल-तूप भरपूर.

मी म्हटलं, डोकं फिरलं का तुमचं? तेव्हा ते पाटावर बसले आणि मला समजावायला लागले. मला ते बोलणं अजून पाठ आहे, कारण कितीतरी वर्षांत ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते.

"कांता, भाकर काढली तर पोटाले काहीतरी टेका पाहिजे न वं? तो टेका म्हंजे तेल-तूप. भाकर बी नाही अन् तेल बी नाही, तर माणूस राहीन कशावर?"

साधी गोष्ट होती. कुणालाही पटेल अशी. पण मला त्यात वासुदेवराव ऐकू येत होते. डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो, तर त्यांनी अशी मान हलवली की हो म्हणताहेत की नाही तेच कळेना. चरबीचं जरा बेतानं घ्या म्हणाले, आणि नियमित तपासायला या, म्हणजे गोळ्या बघून कमी-जास्त करता येतील. मी त्यातलं 'बेतानं' तेवढं उचललं.

आणि यांना जमलं हो. खरंच जमलं. पॅंट ढिली झाली. साखर उतरली, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. दुपारी जेवून घोरणारा माणूस दुपारी अंगणातल्या कुंड्या रंगवायला लागला. सकाळी गुणगुणत उठायचे. स्वतःची अंडी स्वतः करायचे — तुपात, सढळ हातानं — आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात चहाचा कप धरून उभी. मुलगी फोनवर व्हिडिओ लावून बघायची, "बाबा, काय भारी दिसताय." मग विचारायची, आई कुठे आहे? मी मागेच असायची.

तवा मी माझ्या एकटीसाठी तापवायची. एका भाकरीसाठी पीठ मळायला बसलं की हाताला कळतच नाही किती घ्यावं. मी जास्त मळायची. उरलेली भाकरी सकाळी गाईला.

हे सगळं मी का सांगते आहे? तुम्हाला माझी दया यावी म्हणून? असेल. मी अशीच आहे, सांगता सांगता आपल्या बाजूला पाट सरकवते. तर आता सरळ सांगते.

शनिवारी मी मटण करून ठेवायची, मुरलेलं छान लागतं म्हणून. गार झालं की पातेलं फ्रिजमध्ये. सकाळपर्यंत वरचं सगळं तेल आणि चरबी गोठून लाल थर धरायची. एका रविवारी हे फिरायला गेले असताना मी झाकण उघडलं आणि चमच्यानं तो थर उचलला. अख्खा निघाला, पापुद्र्यासारखा. खालचा रस्सा गरम केला. पण तर्री नसलेला रस्सा यांनी लगेच ओळखला असता. म्हणून छोट्या कढईत जेमतेम तेल घेऊन त्यात रंगाची मिरची परतली आणि ते वर सोडलं. वर लाल दिसायला हवं ना. दिसलं. खाली नुसतं पाणी.

हे जेवले. म्हणाले, बढिया झालं.

मग मला सवय लागली. दुधावरची साय आधीच काढून घ्यायची आणि त्या दुधाचं पनीर. पालक नुसता वाफवायचा आणि "तूप घातलंय वरून" असं म्हणत ताटात ठेवायचा. अंडी करायचं काम मी त्यांच्या हातातून काढून घेतलं. म्हटलं, तुम्ही कशाला उभे राहता, मी आहे ना. त्यांना ते माझं प्रेम वाटलं. "कांता, तू साथ देऊन राहिली म्हणून जमते," असं ते वासुदेवरावांसमोर म्हणाले. मी पदर सारखा केला.

माझ्या मनात काय होतं? वडील होते — हे खोटं नाही. तो थर उचलताना मला ओसरीवरची ती खुर्ची दिसायची. इतकी वर्षं जे ऐकलं ते एका वासुदेवरावांच्या सांगण्यावरून कसं टाकून द्यायचं? मी माणूस वाचवते आहे, असं मी स्वतःला सांगत होते. तुम्ही इथेच थांबलात तर मी बरी बाई ठरते. भित्री, अडाणी, पण बरी. मी स्वतःही फार काळ इथेच थांबून राहिले होते.

पण पुढे आहे.

काढलेली तर्री मी फेकत नव्हते. कोष्ट्याच्या घरची मुलगी, तर्री मोरीत कशी ओतणार? मी ती वाटीत ठेवायची आणि माझ्या भाजीत घालायची. यांना तेल नको म्हणणारी मी, स्वतः ते तेल खात होते. मला वडिलांसारखं काही होईल ही भीती मला कधी वाटली नाही, हे बघा. तिथेच माझं पितळ उघडं पडतं. आणि एके दिवशी ज्वारीचं पीठ संपलं होतं, गिरणी बंद, एकटीसाठी भात लावायचा कंटाळा. मी पनीरचे चार तुकडे घेतले — माझ्यासाठी सायीच्या दुधाचं वेगळं होतं — आणि त्या तर्रीत परतून खाल्ले. भाकरी नाही, काही नाही. संध्याकाळ झाली तरी मला भूक नव्हती. पोट शांत. डोकं शांत. मी झोपाळ्यावर बसले होते आणि मला एकदम कळलं, हे काय सांगत होते ते. टेका म्हणजे काय ते.

त्याच वेळी आत फ्रिज उघडल्याचा आवाज आला. मी उठून बघितलं. हे फ्रिजसमोर उभे होते. काही घेत नव्हते, नुसते दार धरून उभे. माझी चाहूल लागली तसं त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, काही नाही, पाणी पाहत होतो. पाण्याचा माठ दुसऱ्या कोपऱ्यात असतो.

मला तेव्हा माहीत होतं. मघापर्यंत माहीत नव्हतं असं म्हणता येईल, पण त्या क्षणी मला पूर्ण माहीत होतं की हा माणूस उपाशी आहे आणि का उपाशी आहे. भाकरी त्यानं सोडली होती. तेल मी काढलं होतं. दोन्ही बाजूंनी कापल्यावर ताटात उरतं काय?

आणि मी पुढच्या शनिवारी परत मटण केलं आणि रविवारी परत तो थर उचलला.

का? मी खूप विचार केला आहे. मला ते हरायला हवे होते. हेच उत्तर आहे, दुसरं सापडलं नाही. वासुदेवराव हरायला हवे होते, ते टोळकं, ते फोनवरचं "काय भारी दिसताय". मला न बघता हात पुढे करणारा माझा माणूस परत हवा होता. तो उपाशी राहून परत येणार असेल तर तसा.

ते चिडचिडे झाले. फिरायला जाताना पाय ओढत जायचे. डोकं दुखतं म्हणायचे. डब्यातले शेंगदाणे कमी व्हायला लागले, मग मी पूजेसाठी आणलेली खडीसाखर. मी काही बोलत नव्हते, पण डबा उघडून बघताना मुद्दाम आवाज करायची. त्यांची मान खाली जायची. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना मान खाली घातलेलं बघितलं नव्हतं, साहेबांसमोरही नाही.

मग शेजारच्या लग्नात ते झालं. वासुदेवराव आणि मंडळी एका टेबलाशी, पुरुषांत. मी बायकांत बसले होते. हे पुऱ्या घेत होते. एक, मग आणखी, मग जिलेबी, मग मसाले भात, मग परत जिलेबी. खाणं म्हणावं असं ते खाणं नव्हतं. वाढणाऱ्या पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. वासुदेवरावांनी यांच्या पानावरची नजर बाजूला नेली. यांना ते दिसलं. मला यांना दिसलेलं दिसलं.

घरी येऊन हे पलंगाच्या कडेला बसले. सोन्याची बटणं लावलेला सदरा तसाच. म्हणाले, "मन कच्चं आहे माहं, कांता. लोकाइले जमते, मलेच काहून नाही जमत?"

मी सांगू शकले असते. फक्त आम्ही दोघं होतो, पंख्याचा आवाज होता, वेळ होती. मी म्हणाले, "जाऊ द्या. सगळ्याइले नाही जमत."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून ओट्याजवळ येऊन पाटावर बसले. म्हणाले, भाकर टाक वं. मी परातीत पीठ घेतलं आणि माझे हात कसे चालले सांगू? मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. ते खाली बघत भाकरी खात होते आणि मी आनंदात होते. फुगलेली भाकरी त्यांच्या ताटात टाकताना मी चक्क हसले. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते विचाराल, तर त्या हसण्याची.

मला काय मिळालं ते ऐका. त्यांनी फिरायला जाणं सोडलं. वासुदेवराव दोनदा घरी आले, यांनी आतून झोपलो आहे म्हणून सांगायला लावलं. मग ते यायचे थांबले. कुंड्या अर्ध्या रंगवलेल्या राहिल्या. माणूस परत आला, पण हात पुढे करत नाही. मी भाकरी टाकते, ते खातात, पुरे म्हणतात. पूर्वी बोलणं नव्हतं तरी शांतता आमची दोघांची होती. आता ते एकटे गप्प असतात आणि मी एकटी गप्प असते.

मुलगी दिवाळीला आली तेव्हा रागावली त्यांच्यावर. बाबा, इतकं छान चाललं होतं, तुमच्यात जिद्दच नाही. हे म्हणाले, बरोबर आहे तुहं. मी तिथेच करंज्या तळत होते. झारा हातात होता. कढई तेलानं भरलेली होती. मी करंजी उलटली.

आता हल्ली मी वाचते. मोबाइलवर येतं ना सगळं. चरबीचं जे आपल्याला सांगितलं ते सगळं तसंच होतं का, यावर लोक भांडतात. कुणी म्हणतं घाबरू नका, कुणी म्हणतं घाबरा. कोण खरं ते मला कळत नाही आणि त्यात मी पडत नाही. यांचं पुढे काय झालं असतं, तेही मला ठाऊक नाही. तर्रीसकट जेवले असते तरी कदाचित कंटाळून सोडलं असतं. कदाचित छातीत दुखलं असतं. पण ते त्यांचं हरणं झालं असतं. हे हरणं मी शिजवलेलं आहे, आणि त्यांनी ते आपलं समजून घेतलं.

साखर वाढली. यंदा इन्सुलिन सुरू झालं. दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आहे, मुलीच्या वयाची, गोड बोलणारी. तिनं विचारलं, काका, मागे तुमची साखर खाण्यावरच केवढी उतरली होती, परत प्रयत्न करायचा का? मी लक्ष ठेवीन, म्हणाली. हे हसले. म्हणाले, "नाही मॅडम. मी पाहिलं करून. माह्यात तो दमच नाही. हिनं लय केलं माह्यासाठी, चूक माहीच होती."

ती माझ्याकडे बघून कौतुकानं हसली. मी हसले.

सुई टोचायला त्यांचा हात थरथरतो, म्हणून ते काम माझ्याकडे आहे. सकाळी जेवणाआधी ते पाटावर बसतात आणि बंडी वर धरतात. मी पोटाची चिमूट धरते. ते तेवढ्या वेळ भिंतीकडे बघतात, माझ्याकडे नाही. मी विचारते, दुखलं का? ते नाही म्हणतात. मग मी तवा ठेवते.